तिघींना सांगून

एका वेळी दोन-तीन रिक्रूटरांशी बोलणी चालवणारी नर्स मला पूर्वी आवडत नसे. तोंडावर मी काही म्हणत नसे, पण ही बाई कुणाचीच नाही, अशी मनाशी नोंद झालेली असे. आज मी स्वतः तिघींशी बोलते. तिघींनाही ते माहीत असतं. आणि या कामात नव्यानं येणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना मी जमेल तिथे तसंच करायला सांगते. हे मत उलटं कसं झालं ते सांगावंसं वाटतं, कारण कुणी मला फसवलं म्हणून ते बदललेलं नाही. जिच्याशी मी एकनिष्ठ राहिले ती बाई चांगलीच होती, आजही आहे.

आधी हे काम काय असतं ते सांगते. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना ठरावीक काळापुरत्या नर्स लागतात. हिवाळ्यात उत्तरेकडचे वृद्ध फ्लोरिडा, ॲरिझोनात मुक्कामाला येतात आणि तिथल्या खाटा भरून जातात. कुठे बाळंतपणाच्या रजा एकदम येतात. कुठे रुग्णांच्या नोंदींची संगणकप्रणाली बदलायची असते आणि तिथल्या कायम नर्स प्रशिक्षणात अडकतात. अशा वेळी बहुधा १३ आठवड्यांचा करार होतो. आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे ३६ तास. करार संपला की पुढचं गाव. हीच ट्रॅव्हल नर्सिंगची नोकरी. पगार हॉस्पिटल देत नाही, एजन्सी देते. आणि एजन्सीच्या वतीनं जागा दाखवणारी, कागद गोळा करणारी, परक्या गावात घरमालकानं किल्ली दिली नाही म्हणून रात्री फोन केला तर तो उचलणारी जी व्यक्ती, ती रिक्रूटर.

मी अमेरिकेत २००६ साली आले. २००५ च्या रिअल आयडी कायद्यात तिथल्या काँग्रेसनं, मुख्यतः नर्स आणि फिजिओथेरपिस्टांसाठी, आधीच्या वर्षांतले न वापरलेले ५०,००० व्हिसा पुन्हा खुले केले होते. त्या लाटेतली मी. ते व्हिसा लवकरच संपले आणि माझ्या मागच्या भारतीय मुलींना दहा-दहा वर्षं रांगेत थांबावं लागलं. टेक्सासमधल्या एका हॉस्पिटलात, हृदयरोग्यांच्या टेलिमेट्री वॉर्डात, मी बरीच वर्षं कायम नोकरी केली. २०२० च्या उत्तरार्धात, कोविड भरात असताना, ती सोडून ट्रॅव्हलचं काम धरलं. टेक्सासचं लायसन्स नर्सच्या आंतरराज्य करारात बसतं, त्यामुळे अनेक राज्यांत वेगळा अर्ज न करता काम करता येतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क मात्र त्यात नाहीत.

एकीलाच धरून राहायचं हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, ते घरातच होतं. मिरजेत आमचा सोनार एक. आजीची पाटली मोडली ती त्याच्याकडे आणि माझं मंगळसूत्र घडलं तेही त्याच्याकडेच. दुसऱ्या पेढीवर भाव विचारून येणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, असं आमच्याकडे मानत. रिक्रूटरच्या बाबतीतही मी तेच मानलं.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळली होती. माझ्या आधीच्या पिढीतल्या, मिरज-सांगलीकडून आखातात गेलेल्या नर्स एजंटला पैसे मोजून गेल्या. एजंटनं किती घ्यावं याला भारतात कायद्याची मर्यादा आहे. पण लोक प्रत्यक्षात किती मोजतात ते गावोगावी ठाऊक असतं. २०१५ साली कुवेतच्या नर्सभरतीतले गैरप्रकार इतके उघडे पडले, की भारत सरकारला १८ देशांसाठीची नर्सभरती सरकारी संस्थांमार्फतच करायचा नियम काढावा लागला. एजंट म्हणजे पैसे घेणारा माणूस, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. इथल्या रिक्रूटरनं माझ्याकडे एक डॉलर मागितला नाही. माझे कागद तिनं लावले, लशींच्या नोंदी तिनं जुळवल्या, मुलाखतीची वेळ तिनं ठरवली, आणि सगळं फुकट. पैसे देऊन झाले असते तर हिशेब मिटला असता. पैसे न दिल्यामुळे मी तिची ऋणी झाले.

आणि ऋणी व्हावं असंच ती वागली. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, माझे वडील मिरजेत गेले. मी करारात होते. मधेच करार सोडला तर बुडालेल्या पाळ्यांचा दंड लागू शकतो आणि हॉस्पिटल पुन्हा कधी घेत नाही. तिनं रात्रीतून हॉस्पिटलशी बोलून मला दंडाविना सोडवलं. विमान मिळायला दिवस लागले, मला वडिलांचा चेहरा दिसला नाही, पण त्या दिवसांत ती रोज फोन करत होती आणि कामाचं अवाक्षर काढत नव्हती. मी परत आल्यावर तिनं पहिल्यांदा आईची चौकशी केली. अशा माणसाच्या पाठीमागे दुसरीशी बोलायचं? ती कल्पनाच मला सहन होत नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात मी ॲरिझोनात होते. त्याच वॉर्डात, त्याच रात्रपाळीत, त्याच तेरा आठवड्यांसाठी केरळची एक नर्स आली होती. वयानं मोठी, म्हणून आम्ही सगळ्या तिला चेची म्हणायचो. एका पहाटे रुग्णांच्या नोंदी उरकल्यावर तिनं आपल्या आठवड्याच्या पैशांचा तक्ता मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, तुझा दाखव. मी दाखवला. तिला माझ्यापेक्षा आठवड्याला काही शे डॉलर जास्त होते. काम तेच, रुग्ण तेच, हॉस्पिटल तेच. फक्त एजन्सी वेगळी.

मी रिक्रूटरला विचारलं. विचारताना आवाज कापत होता, कारण मला वाटत होतं की मी तिच्यावर आळ घेतेय. तिनं शांतपणे सगळं उलगडून सांगितलं आणि तो फोन मी विसरलेले नाही. हॉस्पिटल आपली नर्सभरती बहुतेक वेळा एका मोठ्या कंपनीकडे सोपवतं. बाकीच्या एजन्सींनी त्या कंपनीमार्फत, एका संगणकप्रणालीतून, आपल्या नर्सची नावं पाठवायची असतात. हॉस्पिटल तासाला जो दर मोजतं त्यातून आधी त्या मधल्या कंपनीचा वाटा जातो. मग एजन्सीचा पगारावरचा कर, विमा, कार्यालयाचा खर्च, नफा, रिक्रूटरचं कमिशन, आणि उरतं ते नर्सला. माझी एजन्सी त्या हॉस्पिटलसाठी दुसऱ्या पायरीवर होती. चेचीची थेट. ‘माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी तुला दिलं,’ ती म्हणाली, ‘पण माझ्या कंपनीकडे नाही ते मी कुठून देणार?’ आणि थोडं थांबून तिनंच सांगितलं, तू आणखी एक-दोघींशी बोलत जा, मला राग येणार नाही.

तरीही मी बोलले नाही. तिनं परवानगी दिली होती, पण ती मला तिच्या मोठ्या मनाची खूण वाटली आणि मी अधिकच बांधली गेले. तोपर्यंत मला एवढंच समजलं होतं की रिक्रूटर कितीही भली असली तरी ती जी जागा देते ती तिच्या कंपनीच्या करारांच्या कुंपणातली असते. काही हॉस्पिटलं तिच्या यादीतच नसतात. ती मला दाखवत नाही याचा अर्थ ती लपवते असा नव्हता. तिच्या पडद्यावर ती जागा येतच नव्हती.

२०२२ च्या वसंतात बाजार उतरला. कोविडमध्ये चढलेले दर घसरू लागले. त्याआधी, जानेवारीतच, काँग्रेसच्या जवळजवळ २०० सदस्यांनी व्हाइट हाउसला पत्र लिहून एजन्सींच्या दरांची चौकशी करा अशी मागणी केली होती. नर्सच्या वाट्याला हे वेगळ्याच रूपात आलं. सही झालेले करार मधेच बदलू लागले. पुढच्या आठवड्यापासून इतका दर, मान्य असेल तर राहा, नाहीतर करार संपला. परगावी तीन महिन्यांचं भाडं भरून बसलेल्या बाईनं काय करायचं? त्या वर्षी काही एजन्सींवर याच कारणासाठी कोर्टात दावे दाखल झाले. माझाही दर असाच उतरवला गेला. रिक्रूटर फोनवर रडवेली झाली होती. दर ठरवणारी ती नव्हतीच. तिच्याकडे दुसरी जागा नव्हती आणि माझ्याकडे दुसरी रिक्रूटर नव्हती. चेचीचाही दर कापला, पण दुसऱ्या एका एजन्सीकडे तिचे सगळे कागद आधीपासून तयार होते. पंधरवड्याच्या आत ती दुसऱ्या शहरात कामाला लागली.

कागद तयार असणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून सांगते. प्रत्येक एजन्सी सगळं पहिल्यापासून मागते. लायसन्स. सीपीआर आणि हृदयरोग-जीवरक्षणाची कार्डं, जी दर दोन वर्षांनी नवी करावी लागतात. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस-बीच्या प्रतिकारशक्तीचे रक्ताचे अहवाल, क्षयाची चाचणी, फ्लूची लस, एन-९५ मास्क तोंडाला नीट बसतो याचा दाखला. दोन वरिष्ठांची शिफारस. आणि कौशल्यांची लांबलचक यादी, ज्यात छातीतल्या नळीपासून हेपरिनच्या ड्रिपपर्यंत प्रत्येक गोष्टीपुढे आपला अनुभव नोंदवायचा. रात्रपाळी करून आल्यावर दुपारी झोप मोडून हे भरायचं. बाजार कोसळल्यावर हे भरायला बसलं तर जागा आपल्यासाठी थांबत नाही.

त्या उन्हाळ्यात मी आणखी दोघींकडे नाव नोंदवलं. माझी पहिली रिक्रूटर तोवर दुसऱ्या कंपनीत गेली होती. या धंद्यात माणसं फार लवकर बदलतात. तिच्या जुन्या कंपनीनं मला एका अनोळखी मुलाच्या यादीत टाकलं. तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. मी जिच्याशी बांधील होते ती माणूस होती आणि माझे कागद कंपनीकडे होते. या दोन गोष्टी मी तोवर एकच समजत होते. मी तिला नव्या कंपनीत शोधून काढलं आणि ती आजही माझ्या तिघींतली एक आहे.

तिघींना मी एकच पत्र लिहिलं. आजही प्रत्येक करार संपत आला की थोडे फेरफार करून तेच पाठवते. त्यात माझा वॉर्ड, पाळी, राज्यं, कमीत कमी किती पैसे हवेत, कामाला कधीपासून येईन, कोणत्या आठवड्यात सुट्टी लागेल, आणि कोणत्या वॉर्डात फ्लोट करणार नाही, म्हणजे माझा वॉर्ड सोडून कुठे पाठवलं तर जाणार नाही, हे सगळं असतं. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळायचं माझं शिक्षण नाही, तेव्हा आयसीयूत नको, हे स्पष्ट असतं. शेवटी दोन वाक्यं: मी आणखी दोघींशी बोलते आहे. माझा लेखी होकार आल्याशिवाय माझं नाव कोणत्याही हॉस्पिटलला पाठवू नये.

या शेवटच्या वाक्याचं कारण हिशेबी आहे. एकाच जागेसाठी एकाच नर्सचं नाव दोन एजन्सींकडून गेलं तर हॉस्पिटलपुढे पेच पडतो. काही ठिकाणी पहिलं आलेलं धरतात, काही ठिकाणी दोन्ही बाद करतात. माझं एकदा दोन्ही बाद झालं, कारण एका एजन्सीनं मला न विचारता नाव पाठवून दिलं होतं. ती जागा मला फार हवी होती. त्या एजन्सीशी मी पुन्हा बोलले नाही. अनेक रिक्रूटर ठेवायचे तर कोणत्या हॉस्पिटलला कुणाकडून नाव गेलं याची वही ठेवलीच पाहिजे, ही तेव्हापासूनची शिस्त.

पत्राला उत्तरं निरनिराळी आली. एक जण पुन्हा फोनच करेना. एकीनं सुरुवातीला थोडा तुटक सूर लावला, मग ओळख वाढल्यावर तो गेला. माझ्या पहिल्या रिक्रूटरनं लिहिलं, बरं झालं.

आता खरं मनोगत. तिघींशी बोलू लागल्यावर मी जास्त खरं बोलू लागले. हे मला अपेक्षित नव्हतं. मला भीती होती की तिघींना सांभाळताना मला थापा माराव्या लागतील. आणि मागे वळून पाहिलं तेव्हा दिसलं की एकीलाच धरून असताना मी किती गोष्टी गिळत होते. फ्लोट करशील का? चालेल. अजून चार आठवडे वाढवशील का? चालेल. पैसे थोडे कमी आहेत पण हॉस्पिटल छान आहे. चालेल. जागा पैशांमुळे नको असली तर मी ‘नवऱ्याला बरं नाही’ म्हणून सांगायचे, कारण तिच्या तोंडावर पैशांचं नाव काढायची भीड वाटायची. तिला माझं मन कधी कळलंच नाही. ती मला चुकीच्या जागा पाठवत राहिली आणि मी त्या घेत राहिले. मी याला निष्ठा म्हणत होते. तिघींना पत्र लिहिताना पहिल्यांदा मला काय हवं आणि काय नको हे शब्दांत मांडावं लागलं, आणि ते तिघींना सारखंच मांडावं लागलं. पहिल्या रिक्रूटरला माझी किमान रक्कम मला ओळखून दीडेक वर्ष झाल्यावर त्या पत्रातून कळली.

दुसरं म्हणजे पैशांचा तक्ता वाचायला मी तिघींमुळे शिकले. एकीचाच तक्ता समोर असतो तेव्हा आपण तळाचा आकडा बघतो आणि सही करतो. तीन तक्ते शेजारी ठेवले की प्रश्न पडायला लागतात. आठवड्याची रक्कम जवळजवळ सारखी, पण एकीकडे तासाचा करपात्र दर फारच कमी आणि राहण्या-खाण्याचा करमुक्त भत्ता मोठा, तर दुसरीकडे उलटं. पहिल्या तक्त्यात हातात जास्त पडतं हे खरं. पण ओव्हरटाइम बहुधा त्या करपात्र दरावरच काढला जातो आणि उद्या कामावर दुखापत झाली तर भरपाई ठरवतानाही तोच दर पुढे येऊ शकतो. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन कमाईच्या सर्वांत चांगल्या ३५ वर्षांवरून ठरतं आणि त्यात करपात्र पगारच मोजला जातो. माझ्यासारखी बाई, जी अर्धं कामाचं आयुष्य सरल्यावर या देशात आली, तिच्या ३५ वर्षांत मुळातच कितीतरी शून्यं आहेत. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे मिरजेतल्या नोकरीची वर्षं इथे धरली जात नाहीत. तेव्हा भत्त्याच्या मोठ्या आकड्यावर मी आता भुलत नाही. २०२१ साली पश्चिमेकडच्या राज्यांच्या फेडरल अपील कोर्टानं एका खटल्यात म्हटलं की तास भरले नाहीत म्हणून जो दैनिक भत्ता कापला जातो तो प्रत्यक्षात पगारच आहे, आणि ओव्हरटाइमचा दर काढताना तो धरला पाहिजे. हा निकाल मला माझ्या तिघींपैकी एकीनं समजावून सांगितला. दुसऱ्या दोघींना त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांचीही उत्तरं मिळाली, आणि तीन उत्तरांतून मला एक धड चित्र मिळालं.

भत्ता करमुक्त ठेवायचा तर आपलं कायमचं घर दुसरीकडे असावं लागतं आणि त्याचाही खर्च आपण भरत असावं लागतं. एकीनं मला सांगितलं होतं की घरापासून पन्नास मैलांवर काम असलं की झालं. दुसरी म्हणाली, करखात्याचा असा कुठलाही नियम नाही. तो हॉस्पिटलांचा आणि एजन्सींचा आपापला दंडक आहे. दुसरीचं बरोबर होतं. करखात्याची पुस्तिका मी स्वतः वाचली. पहिली माझी दिशाभूल करत होती असं मी म्हणणार नाही, तिलाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. पण ती एकटीच असती तर मी तेच धरून बसले असते.

या पद्धतीचा तोटाही आहे आणि तो मोठा आहे. इथे आरोग्यविमा एजन्सीला बांधलेला असतो. एजन्सी बदलली की विमा तुटतो. कुठे शेवटच्या पाळीच्या दिवशी, कुठे महिनाअखेरीस. नव्या एजन्सीत कुठे पहिल्या दिवशी सुरू होतो, कुठे महिन्यानं. जुना विमा स्वतःच्या खर्चानं चालू ठेवायचा कोब्रा नावाचा कायदा आहे. तो घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात आणि हप्ते भरले तर मागल्या तारखेपासून तो लागू होतो, पण हप्ता अंगावर येणारा असतो. माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे. त्यामुळे दुसऱ्या एजन्सीची जागा थोडीच जास्त देत असेल तर मी विम्यासाठी आहे तिथेच राहते. ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे त्यांना एकाच एजन्सीत राहणं परवडू शकतं, आणि त्यांनी तसं राहावं. मात्र तसं राहण्याचा निर्णय त्यांनी हिशेब करून घेतलेला असावा.

तीनपेक्षा जास्तही मी ठेवत नाही. जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे आकडे दहा ठिकाणी पसरवणं मला पटत नाही, आणि दिवसभर फोन वाजत राहिला तर रात्रपाळीची बाई झोपणार कधी?

एका प्रश्नावर माझं मन अजून पुरतं स्थिर नाही. समजा, एकीनं एखादी जागा शोधून माझ्यापुढे ठेवली, आणि तीच जागा दुसरीकडे जास्त पैशांत आहे असं मला कळलं. शोधलं तिनं, पैसे दुसरी देणार. सुरुवातीला मी ठरवलं होतं की जिनं आधी दाखवली तिच्याकडूनच जायचं. आता मी पहिलीला सरळ आकडा सांगते आणि तिला एक दिवस देते. तिला जमलं तर तिच्याकडून जाते. फरक किरकोळ असला तरी तिच्याकडूनच जाते. फरक मोठा असला आणि तिला जमलं नाही, तर दुसरीकडून जाते, पण ते तिला आधी कळवून. दर वेळी ते कळवताना मला त्रास होतो. जिनं माझ्यासाठी दोन दिवस घालवले तिला त्यातून काही मिळत नाही, कारण तिचं कमिशन मी काम केलं तरच सुरू होतं. हा त्रास जावा असं मला वाटत नाही. एकदा होकार दिला की मात्र मी तो मोडत नाही. दुसऱ्या दिवशी कुणी कितीही जास्त देऊ केलं तरी. त्या होकारावर हॉस्पिटलनं आपल्या वॉर्डाचं वेळापत्रक लावलेलं असतं, आणि मी आले नाही तर त्या रात्री तिथल्या कुणा नर्सच्या वाट्याला जास्त रुग्ण येतात.

हे सगळं ज्यांना करता येतं त्यांनाच करता येतं, हेही सांगायला हवं. गेल्या वर्षी लातूरकडची एक मुलगी टेक्सासला आली. मुलगी म्हणते, पण वय छत्तीस; व्हिसाच्या रांगेतच तिची दहा वर्षं गेली. मला ताई म्हणते. माझ्या तिघींचं ऐकून तिनं विचारलं, ‘ताई, मीही बोलू का दोन-तीन ठिकाणी?’ ग्रीन कार्ड तिला कुठेही नोकरी करायची मोकळीक देतं. तिला बांधून ठेवतो तो तिचा करार: तिला आणणाऱ्या कंपनीकडे तीन वर्षं काम करायचं, आधी सोडलं तर मोठी रक्कम भरायची. दंड किती, तो कशाबद्दल, हे तिला नीट सांगता येईना. मुंबईत एका दुपारी सही करून घेतली होती.

मी तिला न्यूयॉर्कचा खटला सांगितला. २०१९ साली तिथल्या फेडरल कोर्टानं फिलिपिनो नर्सच्या बाजूनं निकाल दिला आणि त्यांच्या करारातला २५,००० डॉलरचा दंड लागू करता येणार नाही असं ठरवलं. त्या दंडाची धमकी देऊन त्यांना कामाला बांधून ठेवणं हा मानवी तस्करीविरोधी कायद्याचा भंग आहे, असंही म्हटलं. त्या निकालानं सगळे करार आपोआप रद्द होत नाहीत, हेही सांगितलं. प्रत्येक कराराचे शब्द वेगळे असतात आणि वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. तोवर तिनं दुसऱ्या रिक्रूटरांशी बोलावं असं मी म्हटलं नाही. कागद मात्र आत्तापासून गोळा करायला सांगितले: लशींच्या नोंदी, शिफारसपत्रं, कार्डांच्या तारखा, सगळ्याची प्रत स्वतःकडे.

येत्या रविवारी ती करार घेऊन माझ्याकडे येणार आहे. आम्ही दोघी तो ओळीओळीनं मराठीत वाचणार आहोत, दंडाच्या कलमापासून सुरुवात करून, आणि वकिलाला विचारायचे प्रश्न लिहून काढणार आहोत.